लेला लोम्बार्दीचा अर्धा गुण

तीस-बत्तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्यामुळे अर्ध्या गुणाशी माझी चांगलीच ओळख आहे. आमच्या शाळेत पद्धत अशी होती की एखाद्या प्रश्नाला अर्धा गुण खुशाल द्यावा, पण शेवटच्या बेरजेत अर्धा उरला तर तो पुढच्या पूर्ण आकड्यात धरावा. साडेचौतीसवाला पोरगा पस्तीसवर पास व्हायचा आणि त्याची आई हळदीकुंकवाला भेटली की हसून बोलायची. प्रगतिपुस्तकात अर्धा गुण कधी कुणाला दिसला नाही.

म्हणून फॉर्म्युला वन मोटारशर्यतींच्या गुणतक्त्यात एका बाईच्या नावासमोर '०.५' असा आकडा पाहिला तेव्हा मी थबकलेच. ही जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा १९५० साली सुरू झाली. तेव्हापासून शेकडो चालक आले, गेले, काही त्यातच मेले. या सगळ्यांत प्रत्यक्ष शर्यतीत उतरलेल्या बायका फक्त दोन, दोघीही इटलीच्या. त्यातल्या एकीलाच गुण मिळाला, आणि तोही अर्धा!

तिचं नाव मारिया ग्राझिया लोम्बार्दी. सगळे तिला लेला म्हणत. (आपल्या कानाला ते लैला ऐकू येतं, पण तो विषय वेगळा!)

आता आमच्या घरचे लोक म्हणतील की आजीला मोटारशर्यतीतलं काय कळतं? मला स्कूटरसुद्धा कधी धड चालवता आली नाही, हे खरंच आहे. खेळातलं जे थोडंफार कळतं ते नातवाच्या कृपेनं, कारण रविवारी संध्याकाळी दिवाणखान्यातला टीव्ही त्याच्या ताब्यात असतो. पण इतिहास हा माझा विषय, आणि इतिहासात आकड्यांच्या मागे काय दडलेलं असतं ते शोधायची खोड काही निवृत्तीबरोबर जात नाही.

तर लेलाचा जन्म २६ मार्च १९४१चा. उत्तर इटलीतल्या पीडमॉन्ट प्रांतात, अलेस्सांद्रियाजवळ फ्रुगारोलो नावाचं एक लहानसं गाव आहे, तिथला. वडिलांचं मांसाचं दुकान. मोटारशर्यत हा तेव्हाही बड्या बापाच्या पोरांचा खेळ होता. लेलाच्या आधी या स्पर्धेत उतरलेली मारिया तेरेसा दे फिलिप्पिस नेपल्सच्या खानदानी घराण्यातली होती. लेलाकडे तसलं काही नव्हतं. ती गाडी चालवायला शिकली ती दुकानाचा माल पोचवायच्या व्हॅनवर. डोंगरातले वळणावळणाचे रस्ते, मागे माल भरलेला, आणि माल वेळेवर पोचायलाच हवा. आपल्याकडे घाटात दुधाचे टेम्पो कसे पळतात ते आठवा, म्हणजे तिचं प्रशिक्षण कुठल्या विद्यापीठात झालं ते समजेल.

१९६५च्या सुमारास ती शर्यतीत उतरली. सुरुवात फॉर्म्युला मोन्झा नावाच्या अगदी खालच्या वर्गात, फियाट ५००च्या चिमुकल्या इंजिनावर धावणाऱ्या गाड्यांनी. तिथून एकेक पायरी चढत १९७० साली ती इटलीच्या फॉर्म्युला ८५० या वर्गात अजिंक्य ठरली. १९७४मध्ये इंग्लंडला जाऊन फॉर्म्युला ५००० या दांडग्या गाड्यांच्या मालिकेत तिने पहिल्या पाचांत जागा मिळवली. हे सगळं मी एका दमात सांगून टाकलं, पण त्यात नऊ वर्षं गेली आहेत हे विसरू नका. पस्तिशीकडे झुकलेली बाई, उंची बेताची, बोलणं कमी. वर्तमानपत्रांनी तिचं नाव ठेवलं 'तुरीनची वाघीण'. ती तुरीनची नव्हती हे कुणी विचारलं नाही. अनुप्रास जुळला की पत्रकारांचं काम झालं, हे सगळ्या देशांत सारखंच.

त्याच १९७४ साली ब्रँड्स हॅच इथे झालेल्या ब्रिटिश ग्रां प्रीसाठी तिने पहिल्यांदा फॉर्म्युला वनमध्ये नाव दिलं. गाडीचा क्रमांक होता २०८. बाकीच्यांचे आकडे एक ते पन्नासाच्या आत-बाहेर, आणि हिचाच असा टेलिफोनच्या एक्स्टेन्शनसारखा का? तर रेडिओ लक्झेम्बर्ग हे केंद्र २०८ मीटरवर लागायचं आणि गाडीवर जाहिरात त्यांची होती. रेडिओचा काटा मीटरवर जुळवून गाणी ऐकलेल्या आमच्या पिढीला यात मोठी गंमत वाटेल. ती त्या वेळी पात्रता फेरी पार करू शकली नाही. २०८ क्रमांकाची जाहिरात मात्र झाली.

पैशाचा प्रश्न सोडवला एका काउंटने. काउंट झानोन हे इटलीतले मोटारशर्यतींचे शौकीन, लाव्हाझा कॉफीशी संबंध असलेले. त्यांच्या आधाराने १९७५ साली लेलाला मार्च या इंग्लिश संघात जागा मिळाली. १ मार्च १९७५, दक्षिण आफ्रिकेतलं क्यालामी. लेला पात्र ठरली आणि शर्यतीत उतरली. फिलिप्पिसने १९५८ साली शेवटची शर्यत धावल्यानंतर सतरा वर्षांनी एक बाई सुरुवातीच्या रांगेत उभी होती. गाडी मधेच बिघडली आणि तिला बाहेर पडावं लागलं, पण दार उघडलं होतं.

ते वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. मी नुकतीच नोकरीला लागले होते. शाळेत फळ्यावर रंगीत खडूने 'महिला वर्ष' असं लिहून भाषणं झाली, आणि भाषणं संपल्यावर चहा आम्ही बायकांनीच केला. असो.

आता त्या अर्ध्या गुणाकडे येऊ. हा भाग मी जरा सावकाश सांगणार आहे.

स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात मोंजुइक नावाची टेकडी आहे. टेकडीवर बाग, झाडं, जुनं स्टेडियम. तिथले नेहमीचे रस्ते बंद करून त्यावर शर्यत व्हायची. एका बाजूला झाडं, दिव्याचे खांब, दुसऱ्या बाजूला माणसं, आणि मधे फक्त लोखंडी पट्ट्यांचा कठडा. एप्रिल १९७५मध्ये चालक सरावासाठी तिथे पोचले आणि कठडे बघतात तो काय, कितीतरी ठिकाणी बोल्ट ढिले, काही ठिकाणी बोल्टच नाहीत! चालकांच्या संघटनेने सरळ सांगितलं की अशा रस्त्यावर आम्ही गाडी घालणार नाही. शुक्रवारी जवळजवळ कुणीच सराव केला नाही.

मग सुरू झाली आपल्या ओळखीची धावपळ. रात्री कामगार आणले, ते पुरेनात म्हणून संघांचे मेकॅनिक हातात पाने घेऊन कठडे आवळायला गेले. केन टिरेल हे एका संघाचे मालक, तेसुद्धा पाना घेऊन बोल्ट पिळत होते. साहेबाची मुलगी लग्नाला उभी आणि मांडवाचा बांबू साहेब स्वतःच बांधतोय, असं ते दृश्य असणार. दुसरीकडे आयोजकांनी दम दिला की शर्यत झाली नाही तर गाड्या जप्त होतील. गाड्या ठेवल्या होत्या जुन्या स्टेडियमच्या आवारात. दार एक आणि दाराशी पोलीस. स्पेनमध्ये तेव्हा फ्रँकोची हुकूमशाही होती हेही लक्षात घ्या. संघवाल्यांनी मान तुकवली.

आदल्या वर्षीचा जगज्जेता एमर्सन फिटिपाल्डी याने मात्र मान तुकवली नाही. नियमापुरत्या काही फेऱ्या अगदी रमतगमत मारून तो बाजूला झाला आणि रविवारी शर्यतीआधीच घरी निघून गेला. त्याचा भाऊ विल्सन आणि इटलीचा मेर्झारिओ या दोघांनी एक फेरी मारून निषेध म्हणून गाड्या परत आणल्या. लेलाने काय करायला हवं होतं? मी यावर बराच विचार केला. फिटिपाल्डीकडे अजिंक्यपदं होती, तो नाही म्हणाला तरी पुढच्या शर्यतीत त्याची जागा पक्की होती. पात्र होण्यासाठीच जिला झगडावं लागतं तिचं 'नाही' फार महाग असतं. ती शर्यतीत उतरली. पंचवीसेक गाड्यांत अगदी मागच्या रांगांतून.

रविवार, २७ एप्रिल. पहिल्याच वळणावर धक्काबुक्की, आघाडीवरचा लाउडा बाहेर. मग कुणी तेलावरून घसरला, कुणाचं इंजिन गेलं, कुणाचं सस्पेन्शन तुटलं. एकेक गडी बाद होत गेला. पुढे आला जर्मनीचा रोल्फ श्टोमेलेन, ग्रॅहम हिलच्या संघाकडून धावणारा. आयुष्यात पहिल्यांदाच आघाडीवर. सव्विसाव्या फेरीत त्याच्या गाडीच्या मागच्या पंखाचा आधार तुटला. हा पंख म्हणजे विमानाच्या पंखाची उलटी आवृत्ती. विमानाचा वर उचलतो, हा गाडीला जमिनीशी दाबून धरतो. तो गेला की गाडी वाऱ्यावरच्या पत्रावळीसारखी. श्टोमेलेनची गाडी कठड्यावर आदळली, उलट्या बाजूला फेकली गेली आणि कठड्यावरून पलीकडे गेली. तिथे माणसं उभी होती. कामावरची माणसं, छायाचित्रं घेणारे, बघे. त्यांतले काही जण प्राणाला मुकले. श्टोमेलेनची हाडं मोडली, पण तो वाचला.

यातला दैवदुर्विलास असा की श्टोमेलेनची गाडी जिथे आदळली तिथला कठडा त्याच्याच संघाच्या मेकॅनिकांनी रात्री तपासून आवळला होता, असं सांगतात. म्हणजे बोल्ट घट्ट होते. ढिली होती ती या रस्त्यावर शर्यत घ्यायची कल्पनाच.

अपघातानंतरही शर्यत लगेच थांबवली नाही. आणखी काही फेऱ्या झाल्या. ७५ फेऱ्यांची शर्यत अखेर २९व्या फेरीला थांबवण्यात आली. त्या क्षणी पहिला होता योखेन मास, दुसरा जॅकी इक्स, तिसरा रॉयटेमन. पाचवा लेलाचा संघसोबती व्हित्तोरिओ ब्राम्बिल्ला. आणि सहावी, दोन फेऱ्या मागे, लेला लोम्बार्दी.

तेव्हाचा हिशोब असा. पहिल्या सहांना गुण, ९, ६, ४, ३, २, १. शर्यत ठरलेल्या अंतराइतकी न झाल्याने सगळ्यांना निम्मे. माससाठी नवाचे साडेचार. लेलासाठी एकाचा अर्धा.

मोंजुइकवर त्यानंतर फॉर्म्युला वनची शर्यत पुन्हा कधीही झाली नाही.

आता या अर्ध्या गुणाबद्दल जिथे जिथे वाचलं तिथे तिथे एक कुत्सित सूर जाणवला. इतके जण बाद झाले म्हणून ही सहावी आली. शर्यत अर्धी होती. दोन फेऱ्या मागे होती. यातलं एकही विधान खोटं नाही. पण मास्तरकी केलेल्या माणसाला माहीत असतं की खरी विधानं वेचून वेचून मांडूनही अन्याय करता येतो. त्या निकालात तिच्या मागे आणखी दोघे होते. सातवा टोनी ब्राइझ आणि आठवा जॉन वॉटसन. हा वॉटसन त्याच्या कारकिर्दीत पाच ग्रां प्री जिंकला. त्या दिवशी तो लेलाच्या मागे होता. आणि योखेन मासचं काय? त्याच्या साऱ्या कारकिर्दीतला हा एकमेव विजय, गुण निम्मेच, पण त्याला 'अर्धा विजेता' कुणी म्हणत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियाची शर्यत पावसामुळे लवकर थांबवावी लागली. ती ब्राम्बिल्लाने जिंकली, त्याच्याही आयुष्यातला एकच विजय, तिथेही गुण निम्मे. बिचाऱ्याने आनंदाच्या भरात हात उंचावले आणि रेषा ओलांडल्यावर गाडी कठड्यावर नेऊन आपटली! त्याच्याबद्दल लिहितात ते मात्र 'ऑस्ट्रियाचा विजेता' असंच. निम्मे गुण सगळ्यांना मिळाले, पण आयुष्यभरासाठी 'अर्धी' झाली ती एकटी लेला.

आपल्याकडचंच एक उदाहरण घ्या. कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय. २००५ साली अमेरिकेत इंडियानापोलिसला तो चौथा आला आणि त्याला पाच गुण मिळाले. आपल्या वर्तमानपत्रांत फोटो आले, कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. त्या शर्यतीत धावल्या किती गाड्या, तर फक्त सहा. मिशेलिनचे टायर तिथल्या एका वळणावर टिकत नाहीत असं निघाल्याने चौदा गाड्या सुरुवातीच्या आधीच माघारी गेल्या. कार्तिकेयनच्या कारकिर्दीतले गुण एवढेच. आपण ते पाच गुण मनापासून आपले मानले, कारण गाडी शेवटपर्यंत नेणारा तो होता. मग लेलाच्या सहाव्या क्रमांकाला नाक मुरडायचं काय कारण?

आणि गुणांचा हिशोबच करायचा तर मास्तरीण बाईंना तो करू द्या. त्याच वर्षी ३ ऑगस्टला जर्मनीत न्युर्बुर्गरिंगवर शर्यत झाली. सुमारे तेवीस किलोमीटरची एक फेरी, जंगलातून, चढउतार आणि दीडशेहून जास्त वळणं. जगातला सर्वांत अवघड रस्ता म्हणून त्याची ख्याती. पुढच्याच वर्षी लाउडा तिथे जळता जळता वाचला आणि नंतर फॉर्म्युला वनने तो रस्ता सोडला. तिथे लेला पूर्ण शर्यत धावून सातवी आली. गुण पहिल्या सहांना, म्हणून शून्य. आजच्या पद्धतीत पहिल्या दहांना गुण असतात आणि सातव्याला सहा मिळतात. माझ्या मते तिची सर्वांत मोठी शर्यत ती, बार्सिलोनाची नव्हे. पण तक्त्यात तिचा मागमूस नाही.

आता जो भाग मला सर्वांत जास्त लागला तो सांगते.

त्या १९७५च्या हंगामात लेला संघाला सतत सांगत होती की गाडी बरोबर नाही. वळणात शिरताना पुढची बाजू वळायला तयार नसते, सरळच जायला बघते, आणि मग बाहेर पडताना मागची बाजू अचानक सुटते. मागची बाजू सुटणं म्हणजे काय ते हल्लीच्या मुलांना लगेच कळेल, कारण जपान्यांनी त्याचाच खेळ केला आहे. कुनिमित्सु ताकाहाशीने १९७०च्या दशकात शर्यतीत गाडी मुद्दाम आडवी घसरवत वळणं घेतली, पुढे केइची त्सुचियाने डोंगरी रस्त्यांवर त्याचं वेड लावलं, आणि या शतकाच्या सुरुवातीपासून तर त्याची रीतसर डी-वन नावाची स्पर्धाच भरते. ड्रिफ्टिंग म्हणतात त्याला. टायरचा धूर, गाडी आडवी, चालक हसतोय. पण तिथे गाडी चालकाच्या मर्जीने घसरते. मर्जीशिवाय, कधी घसरेल ते कळत नसताना घसरू लागली तर तिच्यात बसलेल्या माणसाचं काय होत असेल? तेही पॉवर स्टिअरिंग नसलेल्या, तीन लिटर इंजिनाच्या गाडीत?

संघाने ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि मनात जे ठरवायचं ते ठरवलं. बाई आहे, ताकद कमी पडते, वेग नाही म्हणून गाडीला नावं ठेवते. बाईला चालवता येत नाही म्हटलं की पुढे शोधायला काही उरत नाही.

१९७६च्या हंगामातली पहिली शर्यत ब्राझीलला झाली. लेला चौदावी आली. त्यानंतर तिची जागा गेली. लोटस सोडून आलेला स्वीडनचा रॉनी पीटरसन तिच्या जागी आला. पीटरसन म्हणजे त्या काळातला सर्वांत वेगवान मानला जाणारा चालक, गाडी घसरवत नेण्यात तर साक्षात जादूगार. त्याला घेणं संघाच्या दृष्टीने योग्यच होतं, हे मी मान्य करते. मार्चचे एक संस्थापक आणि गाड्यांचे रचनाकार रॉबिन हर्ड यांनी पुढे एक हकीकत सांगितली. लेलाची गाडी पीटरसनच्या हाती आली तेव्हा त्यानेही अगदी तीच तक्रार केली. शिरताना वळत नाही, निघताना सुटते. आता तक्रार पीटरसनची! गाडी लगेच खोलली गेली. मागच्या बाजूला इंजिन आणि चाकांचा भार पेलणारी जी धातूची भिंत असते, बल्कहेड, तिला तडा गेलेला निघाला. वळणात भार आला की गाडीचा मागचा भाग पिळवटत होता. हंगामभर ती जे सांगत होती ते शब्दशः खरं होतं.

हे वाचलं आणि मी चष्मा काढून थोडा वेळ नुसती बसले. तडा गेलेल्या गाडीत बसून ती न्युर्बुर्गरिंगवर सातवी आली होती का? तडा नेमका केव्हा गेला हे कोण सांगणार. पण तक्रार जुनी होती एवढं खरं.

त्यानंतर १९७६मध्ये तिने एका छोट्या संघाच्या ब्रॅबहॅम गाडीतून पुन्हा प्रयत्न केले. त्या वर्षीच्या ब्रिटिश ग्रां प्रीला दोन बायकांनी नावं दिली होती, लेला आणि इंग्लंडची डिव्हिना गॅलिका. दोघींचीही पात्रता हुकली. ऑस्ट्रियाला लेला बारावी आली आणि तिची फॉर्म्युला वनची कारकीर्द संपली. एकूण सतरा वेळा नाव दिलं, बारा वेळा धावली.

लोकांची गोष्ट इथे संपते. तिची संपली नाही. ल माँ या फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या शर्यतीत ती अनेकदा धावली. १९७७ साली तिने आणि बेल्जियमच्या क्रिस्तीन बेकर्सने मिळून तिथे एकूण अकरावा क्रमांक मिळवला. दोघी बायका, आळीपाळीने, दिवस-रात्र. त्याच वर्षी अमेरिकेत डेटोनाला नॅस्कारच्या शर्यतीत ती उतरली, तिथे जॅनेट गथ्री आणि बेकर्स धरून एकाच शर्यतीत तिघी होत्या. आणि मग तिने चक्क शर्यती जिंकल्या. १९७९मध्ये पेर्गुसा आणि व्हाल्लेलुंगा, १९८१मध्ये मुजेल्लो. तिन्ही सहा-सहा तासांच्या, पुरुष जोडीदाराबरोबर ओसेल्ला गाडीत. हे विजय पूर्ण होते. पण अर्ध्या गुणाच्या प्रसिद्धीपुढे त्यांची आठवण कुणाला?

१९८०च्या दशकात ती आल्फा रोमिओ घेऊन टुरिंग कारच्या शर्यतीत धावत राहिली. तब्येतीने साथ सोडली तेव्हा थांबली आणि १९८९ साली स्वतःचा संघ काढला, लोम्बार्दी ऑटोस्पोर्ट. खासगी आयुष्याबद्दल ती जाहीरपणे बोलली नाही. एका मैत्रिणीबरोबर तिने संसार केला, आणि तो तिच्या काळातल्या इटलीत, कुणाला न विचारता, न सांगता केला. मुलाखतींत ती गाडीबद्दल बोलायची. बाईपणाबद्दल प्रश्न आला की कंटाळायची म्हणतात. मी तिचा कंटाळा पुरता समजू शकते.

तिच्यानंतर फॉर्म्युला वनच्या दाराशी कोण कोण आलं तेही थोडक्यात सांगते. दक्षिण आफ्रिकेची देझिरे विल्सन ही अतिशय गुणी चालक. १९८० साली ब्रँड्स हॅचला ब्रिटनमधल्या फॉर्म्युला वन गाड्यांच्या मालिकेतली एक शर्यत ती जिंकली, पण त्याच वर्षी त्याच रस्त्यावरच्या ब्रिटिश ग्रां प्रीत तिची पात्रता हुकली. २०१४मध्ये सूझी वोल्फने विल्यम्सच्या गाडीतून सिल्व्हरस्टोनला सरावाच्या फेऱ्या मारल्या. २०१९ ते २०२२ या काळात केवळ महिलांची डब्ल्यू सिरीज चालली, ती पैशाअभावी बंद पडली. २०२३पासून एफ-वन अकॅडमी सुरू झाली, तिची सूत्रं सूझी वोल्फकडे. जपानची जुजू नोदा २०२४मध्ये सुपर फॉर्म्युला या तिथल्या सर्वांत वरच्या मालिकेत उतरणारी पहिली जपानी महिला ठरली, वय वर्षं अठरा. आणि आपल्या पुण्याच्या डायना पंडोलने त्याच २०२४ साली सलून गाड्यांच्या गटात राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. दोन मुलांची आई. भारतात या गटात राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारी ती पहिली बाई. आमच्या सोसायटीत हे एकालाही माहीत नव्हतं, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

तारखांचा एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९२ साली फॉर्म्युला वनसाठी आणखी एका इटालियन बाईने नाव दिलं, जोव्हान्ना अमाती. जागा तीच, दक्षिण आफ्रिकेतलं क्यालामी. शर्यतीची तारीख तीच, १ मार्च, लेला पहिल्यांदा धावली त्याला बरोबर सतरा वर्षं झाली होती. अमातीची गाडी जुनी, सराव जेमतेम, ती पात्र होऊ शकली नाही. आणखी दोन शर्यतींत तसंच झालं, मग तिची जागा डेमन हिलला दिली. तो पुढे १९९६चा जगज्जेता झाला. अमातीनंतर फॉर्म्युला वनच्या शर्यतीसाठी एकाही बाईने पात्रता फेरी दिलेली नाही.

क्यालामीनंतर दोनच दिवसांनी, ३ मार्च १९९२ला लेला लोम्बार्दी मिलानमध्ये कर्करोगाने गेली. एक्कावन्न पूर्ण व्हायला तेवीस दिवस बाकी होते.

मारिया तेरेसा दे फिलिप्पिसबद्दल आज फारसं लिहिता आलं नाही. १९५८ साली फ्रान्समध्ये तिला शर्यतीचे संचालक म्हणाले होते की बाईच्या डोक्यावर शोभणारं एकच शिरस्त्राण असतं, ते केशभूषेच्या दुकानातलं. ही आठवण तिने स्वतः सांगितली आहे. आणि ती जगली एकोणनव्वद वर्षं, संचालकांचं नाव लोक विसरून गेले तरी! तिची गोष्ट पुढच्या वेळी.